बंदा रुपया

दाभोळच्या बाजारात जैनुद्दीन हमदुल्यांचं दुकान,
पाटीवर घड्याळं, खालच्या खणात चांदी.
मी पलीकडे वेलदूरला बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
बुधवारी सुट्टी. फेरीबोट पकडते.

पहिला रुपया मी जत्रेत घेतला होता,
आरशासारखा लखलखीत, अठराशेला.
चाचांनी तो हातातही घेतला नाही.
"शंभर वर्षांची बाई," म्हणाले,
"आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही?
विचार तिला, इतके दिवस होतीस कुठे."
मग कड दाखवली :
भोवताली बारीक शिवण, साच्याची,
कुल्फीच्या अंगावर असते तशी.

तेव्हापासून आधी कड बघते.
मग वजन, अकरा ग्रॅम आणि वर सहासष्ट.
थोडं झिजलेलं चालतं, जास्त भरलेलं नाही.
मग बोटाच्या टोकावर तोलून
दुसऱ्या नाण्याची हलकी टिचकी.
चांदी बोलते ते लांबवर जातं,
खाडीपलीकडून कुणी हाक मारावी तसं.
खोटं नाणं "हं" म्हणतं आणि गप्प बसतं.

एकदा एक काळा पडलेला रुपया
मी रांगोळीनं घासून नेला, देवाच्या निरांजनासारखा.
चाचा बराच वेळ घड्याळाच्या पोटात बघत राहिले.
"साठ वर्षांचा खारा वारा होता त्याच्यावर.
तू धुऊन टाकलास.
आता ती नुसती चांदी. तोळ्यावर जाईल."

मस्कतहून गलबतानं आलेलं एक जाड नाणं त्यांच्याकडे आहे,
वर भरल्या गळ्याची राणी, साल सतराशे ऐंशी.
राणी मेली त्याच साली,
टाकसाळी मात्र पुढे दीडशे वर्षं तेच साल पाडत राहिल्या.
"साल वाचून हुरळू नको.
साल म्हणजे नाण्यानं स्वतः सांगितलेलं वय."

शिमग्याच्या आधी अंजनवेलची एक बाई आली.
टोपलीत कालवं, कमरेच्या कशातून सोडवलेला रुपया.
"वजनाचं काय होईल ता द्या.
सासऱ्याचा आगबोटीवरचा पगार, ह्यो एकच उरलाय."
चाचा दुकान माझ्यावर टाकून नमाजाला गेलेले.

मी भिंग लावलं.
एकोणीसशे एकोणचाळीस.
आधी संशयच आला, आठाचा नऊ कोरणारे खूप.
आकड्याच्या पोटाशी बघितलं : ओरखडा नाही.
कड बिनशिवणीची. टाका नाही, भोक नाही.
अकरा पॉइंट सहा एक.
वाजवला.

त्याचा नाद अजून हवेत होता
आणि मी गणित मांडत होते :
वजनाचे दिले तर तिला वाईट वाटणार नाही,
तिला कळणारच नाही,
आणि पर्समध्ये कालचा पगार आहे.

लिलावात उभी राहून वाढलेली मी.
सुरमईचा कल्ला उचलून ताजी-शिळी सांगते.
त्या दिवशी वाटलं, कुणीतरी माझा कल्ला उचलतंय.
आत लाल होतं की करडं, मला सांगता येणार नाही.

नाद विरला.
"मावशी, हा वजनावर देऊ नका," मी म्हणाले.
उशिरा म्हणाले. किती उशिरा,
ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं,
महाग वस्तूला कुणी नको म्हणतं तेव्हा बघतात तसं.
रुपया उचलला, कशात बांधला,
कालवांची टोपली डोक्यावर घेतली.
"चाचा आल्यावर या," मी पायरीवरून ओरडले,
आणि नेमका बोटीचा भोंगा.

चाचांना सगळं सांगितलं.
त्या नादाएवढा वेळ सोडून सगळं.
ते काही बोलले नाहीत. खण उघडला,
एक रुपया काचेवर ठेवला : कानी काढल्याचा डाग,
कुणाच्या तरी गळ्यातून निघालेला.
"बंदा नाही," म्हणाले. "खरा आहे."

मी वाजवून बघितला नाही.
घासाघीसही केली नाही.